पंचांचा घास

पत्रावळींवर भात वाढून झाला होता, वरण ओतून झालं होतं, पण कोणी हात घालत नव्हतं. यादोराव पंचांनी खेमराजला पहिला घास भरवायचा, मगच पंगतीनं जेवायला लागायचं. तुरुंगात राहून आलेला माणूस जातीबाहेर, आणि दंड भरून पंचांच्या हातचा घास पोटात गेला की पुन्हा आत, अशी केशोरीतल्या त्या जातीची रीत होती. पंच अजून विहिरीवर हातपाय धूत होते. तेवढ्यात पंगतीत पुन्हा तोच वाद पेटला.

"दोनच साल! बाईवर जबरदस्ती कराची आन दोन सालात घरी येऊन भात खाचा? फाशीच द्याले पायजे होती," बकाराम म्हणाला, आणि त्यानं आपल्या बुंदीवरची माशी हाकलली.

"अरे भाई, जवान लडका आहे," बाजूच्या खाटेवरून चुन्नीलाल बोलले. ते गोंदियाचे तेंदूपत्त्याचे व्यापारी, खेमराजच्या बापाचे पाहुणे. "खालच्या कोर्टानं सात साल दिले, वरच्या कोर्टानं सोच-समझके कमी केले. पहिला गुन्हा, चांगलं घर. पुरी जिंदगी पडी है उसकी."

"आन रुख्माची?" पंगतीच्या टोकाकडून कोणीतरी विचारलं.

"तिले कोन काय म्हनते गा?" बकाराम उसळला. "मी सोता तिच्याकडून साक्ष देल्ली!"

खोटं नव्हतं ते. बकारामनं कोर्टात उभं राहून साक्ष दिली होती. रुख्मा तरणी विधवा, पण गावानं तिला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. दोष सगळा खेमराजचा, यावर गावाचं एकमत होतं. गाव मोठ्या मनाचंच म्हणायचं. फक्त तेव्हापासून रुख्माला धानाच्या रोवणीला कोणी बोलावलं नव्हतं.

त्याआधी रुख्मानं गाणं उचलल्याशिवाय बायका धानाच्या बांधीत वाकत नसत. सकाळी शेजारची नंदाबाई दारातून हाक मारायची, "चाल वो रुख्मा, चिखल वाट पाहून राहिला!" मग चिखलात रांग लागायची, मधोमध रुख्मा. ती एक ओळ म्हणायची, बाकीच्या ती झेलायच्या. गाणी सगळी थट्टेची. दिराची थट्टा, नवऱ्याची थट्टा, कोणाला म्हणून सोडायचं नाही. आता असली गाणी तिच्यासमोर कशी म्हणायची, असं बायकांना वाटलं. तिला त्रास नको म्हणून नंदाबाई पदर तोंडाशी धरून तिच्या दारावरून गुपचूप जाऊ लागली.

शिक्षा कमी झाल्याचं कळलं तेव्हा रुख्मा संतापली होती, रडली होती. पण जीव तुटायचा तो रोवणीच्या दिवसांत. दूरच्या बांधीतून गाणं यायचं. पहिली ओळ भलत्याच सुरात लागलेली असायची. दारात बसल्या बसल्या तिचे ओठ हलायचे. त्या रांगेत वाकायला, कोणाचा तरी कोपर बरगडीत लागायला, हसता हसता चिखलात बसायला ती तरसून गेली होती. एकदा न राहवून तिनं परसातल्या ओलीत मूठभर पऱ्हे एकटीनं रोवले. धानाची रोपं ती, आली चांगली. पण गाणं काही तोंडातून फुटलं नाही.

यंदाचे पऱ्हे आता हातभर झाले होते. रोवणी चार दिवसांवर आली होती.

यादोराव येऊन बसले. त्यांनी भात कालवला, घास उचलला. तेवढ्यात अंगणाच्या तोंडाशी रुख्मा येऊन उभी राहिली. खेमराजनं मान खाली घातली. वाढणाऱ्या बायकांत नंदाबाई होती, तिच्या हातातली वरणाची बादली तशीच राहिली.

पंचांनी घास पत्रावळीत ठेवला. माणूस वाईट नव्हता.

"ये बाई, बोल," ते म्हणाले. "कोर्टानं कमी केलं असंल, त आमी दंड वाढवतो. तू सांगशील तेवढा. साऱ्या जातीपुढं सांग."

"मले दंड नोको, मामा," रुख्मा म्हणाली. "त्याले घास भरवून आत घेता ना? मंग मले बी भरवा. मले बी आत घ्या."

पंगतीत कुजबुज झाली. यादोरावांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. ते उठून तिच्यापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी मायेनं म्हणाले, "असं काऊन बोलतेस वो? तुह्यात काय खोट हाय? तुले त कोनी बाहेर काढलंच नाही. मंग आत कसं घेऊ?"

बकारामनं जोरात मान हलवली. साऱ्या पंगतीनं हलवली.

रुख्मानं एकदा नंदाबाईकडे पाहिलं. नंदाबाई बादलीत पाहत होती.

"मंग मले बी एक डाव बाहेर काढा, मामा," रुख्मा म्हणाली. "म्हनजे मले परत येता येईल."