आखूड ओळी

जॅझ गाणाऱ्या बाईंना दोन वर्षांपासून वाद्यांचा नुसता गलका ऐकू येत होता. सूर वेगळे कळत नव्हते. घरीदारी कुणालाच त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. गाणी त्या स्वतःच लिहीत, म्हणून ओळी मुद्दाम आखूड ठेवल्या. ओळ संपली की शेजारी डबल बास वाजवणाऱ्या दादांची बोटं तारेवर कुठे आहेत ते चोरून बघायचं आणि त्यावरून पुढचा सूर धरायचा. जाणकार त्या आखूड ओळींची तारीफ करत.

आज त्या जिथे गात त्या हॉटेलचा नवा मालक समोर बसून ऐकणार होता.

"त्याचे कान भलते तिखट आहेत हं, बाई," ड्रमवाला म्हणाला. "आधीच्या हॉटेलात त्याने एका बेसूर ओळीवर गायिकेला नारळ दिला."

बाईंनी नवा पायघोळ झगा चढवला. तेवढ्यात दादा आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, हा झगा तेवढा बदला. वर्षभर मला धड ऐकू येत नाही; तुमचं ठेका धरणारं पाऊल बघूनच वाजवतोय."