रेघेपुढची जागा

माळावरच्या बंद धान्यकोठाराभोवती ओनुफ्री येरझारा घालत होता. गावाच्या स्मृतिशिळेवर वॉल्टर पाथरवट अखेरचं साल कोरणार होता आणि आपल्याच गाडीतून ओनुफ्रीला रेजायना शहरात लेकीकडे सोडणार होता. बायको गेल्यापासून गावात ओनुफ्री एकटाच उरला होता. “काका, बसा की जरा! तुम्ही निघालात की गाव संपलं. घालू का यंदाचं साल?” शिळेवर गाव वसल्याचं साल होतं, पुढे रेघ. ओनुफ्री तिच्यापुढेच थबकला. “तुझ्या काकूच्या थडग्यावर माझंही नाव तूच कोरलंस ना?” “जोडीचा दगड म्हटल्यावर कोरणारच. जन्मसाल, पुढे रेघ.” “आणि रेघेपुढे?” “मोकळं सोडलंय. तुम्ही अजून टुणटुणीत आहात!” “मग गावाला मारायची घाई कसली रे?” वॉल्टरनं छिन्नी खाली ठेवली. “लेक विचारेल, बाबा कुठायत. काय सांगू?” ओनुफ्रीनं गाडीतून आपली पेटी उतरवली. “सांग, दगड अर्धाच राहिलाय.”