साडूचं नाक

कॉफीवाल्याने पहिला घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "छान आहे." बिअरवाला घाबरला.

दोघे साडू; एक कॉफी भाजणारा, दुसरा बिअर बनवणारा. बावीस वर्षांत कॉफीवाल्याने बिअरवाल्याच्या कुठल्याही बिअरला छान म्हटलं नव्हतं. गव्हाच्या फिकट बिअरला एकदा "चालेल" म्हणाला होता, तेही कुणाच्या तरी लग्नात, चारचौघांत. बिअरवाल्याला सगळं काळं, कडू, घट्ट आवडायचं. कॉफीवाल्याला हलकं, आंबूस, फळासारखं. बिअरवाला ज्याला कॉफी म्हणायचा त्याला कॉफीवाला काढा म्हणायचा, आणि कॉफीवाल्याची कॉफी बिअरवाल्याच्या मते कप विसळलेलं पाणी होती. बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे संबंध तोडायची सोय नव्हती.

"छान म्हणजे?" बिअरवाल्याने विचारलं.

"छान म्हणजे छान. आता त्यालाही पुरावा देऊ का?"

बिअरच्या कारखान्यात आज एकच महत्त्वाचं काम होतं. काळ्या बिअरच्या टाकीत कॉफी मिसळायची होती. कॉफीवाल्याने एकाच जातीचा दाणा दोन तऱ्हांनी भाजून आणला होता, एक हलका, एक गडद. दोन ग्लासांत दोन नमुने. कुठला घ्यायचा, ते साडेअकराला मालकीणबाई येऊन त्याला विचारणार होत्या. तो सांगेल तो. त्याच्या नाकावर विश्वास ठेवूनच त्या वर्षभराची कॉफी त्याच्याकडून घेत होत्या.

बिअरवाला आत गेला आणि तिसरा ग्लास भरून घेऊन आला. खराब बिअर कशी असते ते नव्या लोकांना कळावं म्हणून तो एक बाटली महिनोन्‌महिने खिडकीत उन्हात ठेवायचा. तिला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास यायचा. एक जण हुंगून नोकरीच सोडून गेला होता.

कॉफीवाल्याने हुंगलं, घोट घेतला. "हीसुद्धा बरी आहे. जरा जास्त मुरलेली."

बिअरवाल्याने खुर्ची ओढली. "कधीपासून?"

कॉफीवाला ग्लासाकडे बघत राहिला. "अकरा दिवस. तो ताप येऊन गेला ना, तेव्हापासून."

"काहीच येत नाही?"

"कडू कळतं, गोड कळतं. बाकी भिंत. काल भाजताना दाण्यांचा अख्खा घाणा जाळला. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कळलं."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"येईल म्हणतो. महिना, सहा महिने. त्याला स्वतःलाच सर्दी होती."

"घरी, ताईंना सांगितलंस?"

"परवा दूध करपलं आणि मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो. समजायचं ते समजली ती." मग त्याने मान वर केली. "तू सांगणार मालकीणबाईंना?"

बिअरवाल्याने दाराकडे पाहिलं. जिन्यात चपला वाजत होत्या. त्याच्या डोक्यात एक विचार आला होता आणि तो वाईट आहे हे त्याला मान्य होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा समोरचा निःशस्त्र होता. गडद म्हणायचं, विषय संपला. हजार लिटर काळी, कडू, घट्ट.

मालकीणबाई आल्या, उभ्याच राहिल्या. "हं. कुठली?"

कॉफीवाल्याने दोन्ही ग्लास हुंगले. चेहरा तज्ज्ञाचा केला. मग पुन्हा पहिल्यापासून हुंगले.

"गडद," बिअरवाला म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं मी."

"तोही तेच म्हणेल. शेवटी अक्कल आली त्याला. नाहीतर मागच्या वर्षी काय म्हणत होता? म्हणे तुझ्या बिअरमध्ये गडद कॉफी म्हणजे कोळशाच्या पोत्यात काजळ!" आणि त्याने टेबलाखालून साडूला लाथ घातली.

कॉफीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं.

"काजळ नव्हतो म्हणालो," तो हळूच म्हणाला. "टायर म्हणालो होतो."

"टायर तर टायर! काय वाईट आहे टायरमध्ये?"

"टायर जळताना माणूस निदान खिडकी लावून घेतो. तुझं प्यावं लागतं!" कॉफीवाल्याचा आवाज चढला. "अरे, मुळात तुझी बिअर काळी. त्यात काळी कॉफी ओतलीस तर कुणाला काय कळणार? अमावास्येला गॉगल लावल्यासारखं! हलकी घाल, जरा उजेड पडेल."

"उजेड हवा तर दिवा लाव. माझी बिअर आंबवू नकोस."

"आंबट आणि ताजं यातला फरक तुला या जन्मात..."

"पुरे!" मालकीणबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. "हलकी. दुपारपर्यंत टाकीत जाऊ दे." आणि त्या गेल्या.

खोलीत पंपाचा आवाज तेवढा राहिला.

"केवढ्यानं मारलीस," कॉफीवाला नडगी चोळत म्हणाला.

"तू बोलेनास."

"बोललो, पण सगळं पाठ असलेलं. हलकी खरंच बरोबर आहे का?" तो थांबला. "घेऊन बघ ना."

बिअरवाल्याने हलकीचा ग्लास जवळ ओढला. असल्या ग्लासात त्याने आजवर कधी मनापासून नाक घातलं नव्हतं.

"लिंबाची साल," तो म्हणाला. "सालच. रस नाही."

"मग?"

"जर्दाळू."

"सुकं की ताजं?"

"सुकं."

कॉफीवाल्याने मान हलवली. "अजून?"

"एवढंच."

"एवढंच नसतं. एक वास अगदी शेवटी येतो. घाई करू नकोस."

बिअरवाल्याने पुन्हा नाक घातलं, पार फेसापर्यंत, आणि तसाच राहिला. कॉफीवाला समोर बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता, ऑपरेशनच्या खोलीबाहेर लोक दाराकडे बघत बसतात तसा.