नाव बदललं आहे

विनिपेगच्या वाचनालयात प्राध्यापक लॉरेल फ्रीसन आपल्या संशोधनातली एक मुलाखत वाचून दाखवत होत्या. अश्लील चित्रपटांत काम करणाऱ्या त्या बाईचं नाव नियमाप्रमाणे बदललेलं होतं. "आई बटाट्याचं सारण भरून पेरोगी करायची, त्यांच्या पाऱ्या मक्याच्या रिकाम्या डब्याने कापायची, आणि पहिली पेरोगी मला द्यायची. ती असती तर मी या धंद्यात आले नसते."

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी जवळ आली. "मॅडम, ही माझी लारिसा आहे. कुठे असते ती?"

"मावशी, ओळख सांगणार नाही, असा शब्द दिलाय मी. आणि तुमचा गैरसमज होतोय. हिची आई ही लहान असतानाच वारली."



"हो. घेऊन जाताना तिच्या बापाने तसंच सांगितलं होतं तिला."