दुसऱ्या सांध्याचं खोकं

मैंदर्गीच्या मुक्ताबाईंचे दोन्ही खुबे एकाच दिवशी बदलायचे होते. पहिला झाला. दुसऱ्या कृत्रिम सांध्याचं खोकं उघडायला मी नर्सला सांगितलं, तोच भूल देणाऱ्या डॉक्टरनं त्यावर हात ठेवला. "सर, दुसरा आज नको." ती माझी लेक, थिएटरात सरच म्हणते. मी म्हणालो, "रक्त फार गेलेलं नाही. माझा अंदाज चुकत नाही." तिनं रक्तानं भिजलेल्या पट्ट्या वजनकाट्यावर ठेवल्या, आकडा दाखवला. "धडधाकट माणसाला चाललं असतं. या बाईंचा जीव मूठभर. यापुढं त्यांना सोसायचं नाही." सोलापुरात इतक्या वर्षांत मला टेबलापाशी कुणी थांबवलं नव्हतं. मी हातमोजे काढले. बाहेर मुक्ताबाईंचे मालक उठले. "दोनी झाले व्हय?" "एकच. बाई बऱ्या आहेत." "आन् दुसरा?" बंद खोकं काखेत सावरत मी ऐटीत म्हणालो, "माझ्या लेकीनं करू दिला नाही."