फोटोपुरता केर

“जरा तिरपा धर. केर दिसला पाहिजे,” सत्यम म्हणाला.

केर कुठून दिसणार? वर्षाराणीने सकाळीच दोन्ही खोल्या झाडून काढल्या होत्या. लख्ख फरशीवर झाडू धरून उभं राहणं सत्यमला बरं वाटेना. मग तिनेच डब्यात टाकलेला केर परत आणला, फरशीवर नीट पसरला, कडेवरच्या शिवांशला सावरलं आणि एका हाताने मोबाइल धरला. फोटो झाला. सत्यमने झाडू तिला दिला, मोबाइल आपण घेतला, आणि पलंगावर बसून ‘घरकामात लाज कसली’ असं लिहून फोटो स्टेटसला टाकला. केर तिने पुन्हा भरला.

लॉकडाऊन लागलं आणि लातुरातले क्लासेस बंद पडले. पोरं आपापल्या गावी गेली, गल्ली ओस पडली, आणि क्लासच्या ऑफिसात बसणारा सत्यम घरात बसला. बसून बसून माणूस काय करील? काम करील, असं कुणाला वाटलं असेल तर तो त्याचा भाबडेपणा. सत्यमला फोटोंचा नाद लागला. एक दिवस त्याने भाकरी केली. म्हणजे पीठ तिने मळलं, थापलं, तव्यावर टाकलं, फुगवलं. त्याने गालाला पीठ लावून घेतलं. एक दिवस धुणं वाळत घातलं. एकच शर्ट होता, पण दोन्ही हातांनी घातला.

कौतुकाला तोटा नव्हता. नांदेडच्या मावशी म्हणाल्या, असा नवरा मिळायला पुण्य लागतं. मित्रांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. वर्षाराणी मनातल्या मनात हसायची. कोंडलेला माणूस, कशात तरी जीव रमवतोय, रमू दे. एक लेकरू कडेवर, एक पलंगावर.

झाडूच्या फोटोने मात्र घात केला. मुरुडला सासूबाईंनी, रुक्मिणबाईंनी, तो धाकट्या लेकाच्या मोबाइलवर पाहिला आणि त्यांच्या घशाखाली घास उतरेना. सुनेला त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही. थेट चाकूरला तिच्या आईला फोन लावला. पोरीला काही बिमारी आहे का, असली तर लपवून का दिली, आणि नसली तर आमच्या लेकाच्या हाती झाडू कसा, असं सगळं विचारून झालं. वर ऐकवलं, की सडका खुलल्या की पोरीला माहेरी घेऊन जा, काम शिकवा, मगच पाठवा. लेकरू तोवर आमच्याजवळ राहील.

दुपारी आईचा फोन आला. सिंधुबाईंना रडू आवरत नव्हतं. बाबांनी, शेषेरावांनी, समोरचं ताट बाजूला सारलं होतं. वर्षाराणी सांगू लागली, की अगं, सगळं मीच करते, ते नुसते उभे राहतात. पण शिवांश अजून अंगावर पितो, त्याला ठेवून जायचं, हे आठवलं आणि वाक्य अर्धंच राहिलं.

“फोटू का खोटं बोलतो माय?” आई म्हणाली, आणि फोन ठेवला.

सत्यमला सांगितलं तर त्याने कूस बदलली. माझ्या आईचं बोलणं एवढं मनावर घ्यायचं नसतं, म्हणाला. ते बोलणं त्याच्या वाट्याला कधीच आलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला ते सोपं होतं.

वर्षाराणीने रात्रभर विचार केला. माणसं फोटो मानतात ना, मग घ्या फोटो. पण तिचा काढणार कोण? दुसऱ्या दिवशी तिने मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवला आणि टायमर लावला. फोटो निघाले. भाकरी थापताना, शिवांश पदर ओढतोय. मोरीत भांड्यांच्या ढिगापुढे. गच्चीवर बादली घेऊन, पिळलेल्या चादरी खांद्यावर. एक फोटो तिला स्वतःलाच आवडला. झोळीत शिवांश झोपलेला, झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला, आणि मांडीवर सुपात तुरीची डाळ निवडायला घेतलेली. पोराच्या गालावर उन्हाचा कवडसा होता. तिने त्या फोटोकडे थोडा जास्त वेळ पाहिलं.

स्टेटसला टाकलं. वर काही लिहिलं नाही. लिहायचं काय त्यात? दिसतंच आहे की.

मग ती वाट पाहत बसली. बसली म्हणजे कामंच करत होती, पण मोबाइल ओट्यावर डोळ्यासमोर होता. माणसं बघत होती. कुणी कुणी बघितलं ते खाली दिसत होतं. नांदेडच्या मावशींनी बघितलं. सत्यमच्या मित्रांच्या बायकांनी बघितलं. मुरुडच्या धाकट्या दिराने बघितलं. म्हणजे सासूबाईंनीही बघितलं. कुणी काही म्हटलं नाही. कुणी हात जोडले नाहीत. चार वाजता सत्यमने कपात चहा ओततानाचा फोटो टाकला. कप भरायच्या आत मावशींचा फोन आला, की अरे जपून रे, भाजशील.

दिवेलागणीला वर्षाराणीचा मोबाइल वाजला. सासूबाई. थेट तिला. तिने ओला हात पदराला पुसला आणि फोन कानाला लावला. सासूबाईंच्या आवाजात राग नव्हता. उलट काळजीच होती.

“लेकराच्या हाती मोबाइल देत जाऊ नको गं वर्षा,” त्या म्हणाल्या. “तुझ्या स्टेटसला चुकून काहीबाही पडलंय. काहीच न्हाई त्यात, नुसती तू काम करायलीस.”