वजा सात हजार

पैसे भरले होते, पण भलत्याच मीटरला! वायरमन सुदर्शनने मोबाईलवर नंबर टाकून दाखवला आणि हौशीरामने तो एकेक आकडा करून वाचला.

चूक म्हणावी तर एवढीशी. बाप जाऊन बारा वर्षं झाली, तरी दोन्ही भावांचे मीटर अजून बापाच्याच नावावर, भगवंतच्या. नंबरात फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. बिलं वाटणाऱ्याने एकदा धाकट्या रामनाथचं बिल हौशीरामच्या ओट्यावर टाकलं, आणि याने नाव बघून ते तसंच मोबाईलच्या दुकानात नेलं. दुकानदाराने तो नंबर फोनात कायमचा ठेवून दिला. इकडे हौशीरामचं बिल दर महिन्याला फुगत गेलं आणि हा बोर्डाला शिव्या घालत जास्त जास्त भरत गेला. आता रामनाथचं बिल वजा सात हजार, म्हणजे तेवढे पैसे त्याच्या मीटरवर जास्तीचे जमा, आणि हौशीरामची लाईट आज तोडायची.

सुदर्शन तसा माणूस बरा. म्हणाला, रामनाथभाऊंची या अर्जावर सही आणा, पैसे इकडे वळते होतील. पाच वाजेपर्यंत थांबतो, त्यापुढे माझ्या हातात नाही.

हौशीरामला घोर होता तो गोठ्याचा. गोठ्यावरचा दिवा रात्रभर जळायचा म्हणून बिबट्या उसाच्या कडेने निघून जायचा. गेल्याच आठवड्यात पलीकडच्या वस्तीवरची कालवड त्याने ओढून नेली होती. आणि सही मागायची कुणाकडे, तर बांधावरून कोर्टात खेचणाऱ्या भावाकडे. तीन वर्षं बोलणं बंद.

गेला. करतो काय! पैसे माझे हायेत, सही कर, एवढंच बोलायचं आणि माघारी फिरायचं, असं वाटभर घोकत गेला.

रामनाथ ओट्यावर कांद्याच्या गोण्या शिवत होता. थोरल्या भावाला बघून तो ताडकन उठला. त्याची बायको रुपाली पदर सावरून आत गेली आणि कुणी न सांगता तिने चहा टाकला. हौशीरामने खिशातल्या अर्जाला हात घातला.

"मला ठावं व्हतं दादा, तू येशील," रामनाथच आधी बोलला. "चैतात माझा हात मोडला. घरात दमडी नव्हती. बिल भराया गेलो तर भरलेलं. फुडल्या महिन्यात बी भरलेलं. रुपाली म्हनली, भाऊजी तोंडानं बोलत न्हाईत, पर बघा."

"आरं, ते..." हौशीरामने अर्ज खिशातच ठेवला.

"ऱ्हाऊ दे. माझीच मला लाज वाटली. काल वकिलाला सांगून आलो, केस मागं घेतो म्हनून."

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य काही केल्या हौशीरामच्या तोंडातून निघेना. रुपालीने चहा दिला, कसं काय येणं केलंत म्हणून विचारलं. हाताचं विचाराया आलो, असं तो कसंबसं म्हणाला. दोघा भावांनी चहा घेतला. निघताना रामनाथ बांधापर्यंत सोडायला आला.

सुदर्शन आंब्याखाली गाडीवर टेकून घड्याळ बघत होता. झाली का सही, त्याने विचारलं. हौशीरामने नाही म्हणून मान हलवली.

"सख्खा भाऊ असून न्हाई म्हनला?"

"त्यो न्हाई म्हनला न्हाई. म्या मागितलीच न्हाई."

सुदर्शनला काही उमजेना. मग बिबट्याचं काय, असं त्याने विचारलं. सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात दोन शेळ्या विकायला काढतो आणि भरतो, तोवर गोठ्यातच झोपेन, हौशीराम म्हणाला.

"तू तुझं काम कर."

सुदर्शनचा पाय उचलेना. मग हौशीराम घरामागे गेला, स्वतःची शिडी खांद्यावर घेऊन आला, खांबाला लावली आणि खालून घट्ट धरून उभा राहिला.